डग्गा घुमतो, शब्द बुडतात: अ‍ॅम्प्लिफायर राहू द्या, आधी सोफा हलवा

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. हॉल १६ बाय १० फूट, छत साडेनऊ फुटांवर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. टीव्ही युनिट १६ फुटी भिंतीला, त्याच्या दोन टोकांच्या खणांत सव्वापाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणारा भोंगा) बुकशेल्फ स्पीकर, आणि समोरच्या भिंतीला पाठ टेकवलेला सोफा. अ‍ॅम्प्लिफायर ६० वॅटचा. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, रात्री कधी सिनेमा. तक्रार अशी की डग्गा घुमतो, तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात, आणि शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवला की आधी घुमाराच वाढतो. हाताशी ४० हजार आहेत आणि दुकानदार म्हणतो, अ‍ॅम्प्लिफायर बदला, वायर भारीतली घ्या.

दोन्ही घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुमचं दुखणं खोलीचं आहे, आणि ते तुम्ही दिलेल्या मापांतच दिसतंय.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते आणि ठरावीक कंपनसंख्येला खोली स्वतःच वाजायला लागते. गणित सोपं आहे: ११३० ला, म्हणजे आवाजाच्या सेकंदाला फुटांतल्या वेगाला, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं, अंतर फुटांत. १६ फुटांसाठी येतात ३५ हर्ट्झ, १० फुटांसाठी ५६.५ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीसाठी ५९.५. शेवटचे दोन आकडे बघा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन घुमारे ५७ ते ६० च्या पट्ट्यात एकमेकांवर बसलेत. उघडा वाजवलेला डग्गा, सिनेमातला धडाका, बास गिटार, सगळ्यांची ताकद याच भागाच्या आसपास असते. त्यात अशी लाट भिंतीलगत सगळ्यात जोरात असते. तुमचे स्पीकर १० फुटांच्या एका टोकाला भिंतीलगत, तुमचं डोकं दुसऱ्या टोकाला भिंतीलगत. म्हणजे घुमारा पेटवणाराही योग्य जागी आणि ऐकणाराही योग्य जागी! ५७ हर्ट्झची लाट सुमारे २० फूट लांब असते. तिला वायर काय करणार?

पटत नसेल तर एक रुपया न खर्चता तपासा. डग्गा ठळक असलेलं एखादं विलंबित लावा. आधी सोफ्यावर नेहमीसारखे बसा. मग आवाजाला हात न लावता प्लॅस्टिकची खुर्ची घ्या आणि मागच्या भिंतीपासून डोकं बरोबर ३ फूट ४ इंचांवर येईल अशी मांडून बसा. १० फुटांच्या लाटेचा जोर इथे भिंतीपाशी असतो त्याच्या निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने कमी. डग्ग्याची शेपटी आखडते, ‘धा’ आणि ‘धिं’ वेगळे ऐकू यायला लागतात. आता तसंच बसून हळूहळू मागे सरका आणि डोकं भिंतीला टेकवा. घुमारा अंगावर येताना ऐकू येईल. या चाचणीत काहीच फरक पडला नाही तर माझं निदान चुकलं असं समजा. पण मापं दिलीत तीच खरी असतील तर फरक पडेलच.

मग उपाय काय? सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मांडणी काटकोनात फिरवणं. तो जमेल की नाही हे तुमच्या हॉलची दारं कुठे आहेत आणि स्वयंपाकघराकडे जायची वाट कुठून आहे त्यावर ठरेल. स्पीकर १० फुटी भिंतीपाशी आणा, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर. तुम्ही त्याच मध्यरेषेवर बसा. गंमत अशी की खालचे स्वर रेकॉर्डिंगमध्ये बहुधा दोन्ही स्पीकरना सारखेच दिलेले असतात, आणि असे दोन स्पीकर मध्यरेषेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर असले की ५६.५ चा घुमारा एकाने पेटवावा नि दुसऱ्याने विझवावा असं होतं. शिवाय ती लाट रुंदीच्या मध्यावर, म्हणजे तुमच्या डोक्यापाशी, जवळपास शून्य असते. १० फुटांचं दुखणं असं जागेवरच मिटतं. उरतो उंचीचा ५९.५, त्याचं पुढे बघू.

लांबीचे ३५ हर्ट्झ सव्वापाच इंची वूफर नीट वाजवतच नाही, त्यामुळे ते सोडा. पण त्याच लांबीची दुसरी लाट ७०.६ ला येते, आणि काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी) पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला असतो. तंबोऱ्याचा खरा ऐवज जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांत असतो, खर्जाची मूळ कंपनसंख्या तशी क्षीणच. ती जर तुमच्या घरात भुंग्यासारखी वर येत असेल तर तो तंबोरा नव्हे, तुमचा हॉल गातोय. ही लाट समोरच्या, म्हणजे स्पीकरमागच्या, भिंतीपासून ८ फुटांवर, म्हणजे हॉलच्या ऐन मध्यावर, पूर्ण जोरात असते आणि १२ फुटांवर शून्य. दोन्ही जागा टाळा. पहिल्या जागी घुमेल, दुसऱ्या जागी खर्ज गायब होईल. डोकं १० ते ११ फुटांच्या दरम्यान येऊ द्या आणि त्या फूटभर पट्ट्यात खुर्ची चार-चार इंचांनी सरकवून कानाने जागा ठरवा.

स्पीकर समोरच्या भिंतीपासून किती पुढे? वूफरच्या तोंडापासून मोजा. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून उलटा येतो आणि एका कंपनसंख्येला पुढच्या आवाजाला खातो. ती काढायला ११३० ला अंतराच्या चौपटीने भागा. बरोबर २ फुटांवर ठेवलात तर खड्डा १४१ हर्ट्झला पडतो, काळी एकचा षड्ज १३९ ला असतो, म्हणजे नेमका ‘सा’ पातळ. बाजूची भिंत आणि जमीन यांचेही असेच खड्डे असतात. तिन्ही अंतरं सारखी झाली तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात, म्हणून ती मुद्दाम वेगळी ठेवायची. तुमच्या हॉलला मी समोरच्या भिंतीपासून २८ इंच आणि बाजूच्या भिंतीपासून २१ इंच इथून सुरुवात करेन. दोन स्पीकरमध्ये साडेसहा फूट राहतील. तोंडं किंचित आत वळवा, इतकी की सोफ्यावरून प्रत्येक स्पीकरची आतली बाजू जेमतेम दिसेनाशी होईल.

मांडणी फिरवणं शक्य नसेल, आणि बऱ्याच घरांत नसतंच, तर सोफा भिंतीपासून एक फूट पुढे ओढा आणि स्पीकर खणातून बाहेर काढा. यातून दीड-दोन डेसिबलच कमी होतील, जास्तीची आशा ठेवू नका. उरलेलं काम इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, करावं लागेल.

खणातून बाहेर काढणं मात्र दोन्ही मांडण्यांत सक्तीचं. शोकेसचा खण म्हणजे पेटीतली पेटी: तो स्वतः वाजतो आणि शब्दांवर झाकण पडल्यासारखा आवाज येतो. मागे भोक असलेला, पोर्टवाला स्पीकर असेल तर आणखीच वाईट. अगदीच नाइलाज असला तर स्पीकरचं तोंड फळीच्या कडेशी आणून टेकवा, एक इंचही आत नको, बाजूंच्या फटीत जुन्या रजईचे तुकडे कोंबा आणि पोर्टमध्ये गुंडाळलेला पायमोजा घाला. दिसायला बावळट, पण काम करतो.

स्टँड विकतच घ्यायला हवेत असं नाही. वेल्डिंगवाल्याकडून २ इंची चौकोनी लोखंडी पाइप, खाली १२ बाय १२ इंचांची ६ मिमी प्लेट आणि वर स्पीकरच्या बुडाहून जरा लहान प्लेट असं करून घ्या. पाइपमध्ये वाळू भरा, पण कढईत भाजून कोरडी केलेली. ओली वाळू पाइप आतून गंजवते. उंचीचा नियम एकच: ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भोंगा, कानाच्या पातळीला. सोफ्यावर बसल्यावर कान साधारण ३८ इंचांवर असतो, जमिनीवर गादी टाकून बैठक मारलीत तर ३० वर. ट्विटर स्पीकरच्या बुडापासून १० इंच वर असेल तर सोफ्यासाठी स्टँड २८ इंची, बैठकीसाठी २० इंची. ऑर्डर देण्याआधी स्टूल आणि विटा रचून आठवडाभर ऐका. स्पीकर आणि प्लेट यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे ठेवले की स्पीकर सरकतही नाही आणि प्लेट झणझणतही नाही.

स्पीकर हलवताना वायरी सुटणारच, तेव्हा जोडताना लाल-काळं तपासा. एका स्पीकरचं उलटं लागलं तर बास पोकळ होतो आणि गायक खोलीभर पसरतो. ओळखायला जुनं मोनो रेकॉर्डिंग सगळ्यात उत्तम. नाट्यपदाची जुनी ध्वनिमुद्रिका लावा: आवाज दोन स्पीकरच्या मधोमध, माणसाच्या तोंडाएवढ्या जागेतून यायला हवा. तसा येत नसेल तर एकाच स्पीकरच्या वायरी उलटून पुन्हा ऐका. दोन्हीपैकी ज्यात आवाज मध्ये गोळा होतो ती जोडणी बरोबर. गोळा होतो पण एका बाजूला सरकलेला असेल, तर चूक वायरीची नाही, एका बाजूच्या भिंतीची आहे.

त्या भिंतींकडे येऊ. हॉलच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. मागून टणटण अशी झिणझिणी आली तर उघड्या भिंती आणि टाइल्स वरचे स्वर एकमेकींकडे फेकताहेत. ‘स’, ‘श’, ‘त’ ही व्यंजनं इथेच पुसली जातात. पहिला इलाज जमिनीवर: स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड गालिचा. नुसती सतरंजी फार पातळ पडते, खाली फेल्टचा थर हवा. दुसरा बाजूच्या भिंतींवर. तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी कानाच्या उंचीवर भिंतीलगत आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलीने खूण करा. आवाज तिथूनच परतून तुमच्याकडे येतो.

फ्लॅटच्या हॉलमध्ये बहुधा एका बाजूला सरकती काच आणि दुसऱ्या बाजूला कोरी भिंत असते. काचेवर जाड पडदा घ्या, कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे चुण्या राहतात. काचेसमोरच्या कोऱ्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट किंवा पॅनेल. एकाच बाजूला केलंत तर गायक उघड्या भिंतीकडे झुकेल. पॅनेल घरी बनतं: सुताराकडून २ बाय ४ फुटांची ४ इंच खोल चौकट, आत ५० मिमी जाडीचे रॉकवूलचे दोन थर, घनता घनमीटरला ४८ किलोची, आणि वर मांजरपाट. भिंतीपासून २ इंच अंतर सोडून टांगा, त्या पोकळीमुळे तेवढाच माल आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करतो. कापड निवडताना त्यातून फुंकर मारून बघा: हवा पलीकडे गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन नको. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, त्याचे तंतू दिवसभर टोचतात. कोकणातल्या किंवा सतत ओल येणाऱ्या भिंतीवर हे पॅनेल लावूच नका, मागे बुरशी धरते.

अंड्याचे ट्रे आणि पाऊण इंची टोकदार फोम यांवर पैसे घालवू नका. ते फक्त सगळ्यात वरचे स्वर खातात, घुमारा जसाच्या तसा राहतो, आणि खोली आधीपेक्षा जास्त बोजड वाटते.

एवढं झालं की मगच इक्वलायझर. आधी मोजा. मोबाइलचा माइक खालच्या स्वरांना भरवशाचा नसतो, म्हणून कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी मापन-माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. माइक कानाच्या जागी, २० ते ३०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर), आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही. आलेखात ५७ ते ६० च्या आसपास टेकाड दिसेल. पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये त्या टेकाडाच्या शिखरावर एक फिल्टर लावा, क्यू (आकडा जितका मोठा तितका फिल्टर अरुंद) ४ ते ५, कपात आधी ५ डेसिबल, मग पुन्हा मोजा. विंडोज संगणकावरून ऐकत असाल तर इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि हल्लीच्या बऱ्याच नेटवर्क स्ट्रीमरमध्येही ही सोय असते. अ‍ॅम्प्लिफायरचा बासचा खटका मात्र या कामाचा नाही, तो टेकाडाबरोबर आजूबाजूचंही सगळं खाली ओढतो.

इथे एक चूक हमखास होते. आलेखात टेकाडं दिसतात तसे खड्डेही दिसतात आणि माणूस ते भरायला जातो. टेकाड कापा, खड्डा भरू नका. खड्डा दोन लाटांनी एकमेकींना खाल्ल्यामुळे पडलेला असतो, तुम्ही जितकं जास्त ओतता तितकीच खाणारी लाटही मोठी होते. वूफर धापा टाकतो आणि कानाला काही मिळत नाही. खड्ड्यावर इलाज एकच, जागा बदलणं. ३०० हर्ट्झच्या वर एका जागी मोजलेल्या आलेखावरून काहीही कापू नका, तिथे डोकं चार इंच हललं तरी आलेख बदलतो.

आता दुकानदाराच्या दोन सल्ल्यांकडे. वायरीत बघायचा असतो तो रोध. दीडच्या (दीड चौरस मिमी) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला ०.०११५ ओहम. ५ मीटर अंतर, जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.११५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे दीड टक्काही नाही, आणि ५ टक्क्यांच्या खाली असलं की पुरे. तरी निर्धास्त व्हायचं असेल तर अडीचची घ्या. साधी मल्टिस्ट्रँड इलेक्ट्रिकची वायर चालते, मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळेल. बघायचं एवढंच की तांबं खरं आहे: एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध जास्त आणि टोकंही लवकर तुटतात.

अ‍ॅम्प्लिफायरचं गणितही बघून घ्या. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. घरात गाणं ऐकताना सरासरी ७० ते ७५ लागतात, म्हणजे बहुतेक वेळ तुमचा अ‍ॅम्प्लिफायर एक वॅटही देत नसतो. ६० वॅट त्याच्या वर जवळजवळ १८ डेसिबलची मोकळीक ठेवतात. ६० चा १०० केला तर मिळतात २.२ डेसिबल, जेमतेम जाणवण्याएवढे. बदलायला हवा केव्हा? स्पीकर ४ ओहमचे असून अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडत असेल, मोठ्या आवाजात तान फाटत असेल, किंवा एक बाजू हळू झाली असेल तर. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर तीही दहापैकी नऊ वेळा व्हॉल्यूममधली धूळ असते. वीज काढून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीसएक वेळा पुढे-मागे फिरवा.

स्पीकर जुने असतील तर जाळी काढून वूफरची कड दाबून बघा. फोमची कड दमट हवेत काही वर्षांनी भुगा होते, बोटाला चिकटली तर ती बदलायला हवी. रबरी असेल तर काळजी नाही.

हम, म्हणजे विजेची सततची गुणगुण, येतो का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बंद झाला तर त्या केबलवर आयसोलेटर लावा. अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. पंखा चालू केल्यावर चरचर येत असेल तर चूक रेग्युलेटरची: गोल फिरणारा डिमरछाप काढून टप्प्याटप्प्यांचा कपॅसिटरवाला बसवा. आणि ख्याल ऐकताना पंखा एकवर ठेवा, ‘सा’वरचा ठेहराव त्याच्या घरघरीत बुडतो.

४० हजारांपैकी स्टँड, वायर, गालिचा, पॅनेल आणि माइक यांत बहुधा निम्म्याहून कमीच जातील. उरलेले सहा महिने राहू द्या. सिनेमासाठी खालचे स्वर कमी पडताहेत असं तेव्हाही वाटलं तर सबवूफर घ्या, ८० हर्ट्झपासून खाली त्याच्याकडे द्या, आणि तो कोपऱ्यात नको, १० फुटी भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवा. दुकानदार कोपरा सुचवेल, कारण तिथे तो जास्त जोरात वाजतो. पण तिथे ५६.५ पुन्हा जागा होईल, भिंतीच्या मध्यावरून तो पेटत नाही.